दहा हजार पावलांचं लक्ष्य मोबाइलमध्ये कुठून आलं?

आरोग्य-अ‍ॅपमधले गुण, पदकं, सलग दिवसांची मालिका आणि मित्रांची क्रमवारी आता मराठवाड्यातल्या गावागावांत माहीत आहे. या खेळाच्या मुळाशी असलेल्या आकड्याचा इतिहास मात्र फारसा कुणी सांगत नाही.

१९६४च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमध्ये व्यायामाचं वारं होतं. १९६५ साली तिथल्या एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजण्याचं यंत्र विकायला काढलं आणि त्याच्या नावातच दहा हजार पावलं घातली. किती चाललं की आयुष्य वाढतं, हे ताडून हा आकडा ठरला नव्हता. तो पुढे मनगटावर बांधायच्या ट्रॅकरमध्ये आणि तिथून फोनमध्ये आला.

२०१३पासून अँड्रॉइडमध्ये पावलं मोजणाऱ्या खास सेन्सरची सोय झाली. २०१६मध्ये पोकेमॉन गो हा चालत फिरून खेळायचा मोबाइलवरचा खेळ आला. अमेरिकेतल्या तरुणांच्या एका अभ्यासात हा खेळ घेणाऱ्यांची पावलं पहिल्या आठवड्यात रोज सरासरी ९५५ने वाढली. सहाव्या आठवड्यात ती वाढ उरली नव्हती. त्याच वर्षी आपल्याकडे डेटा स्वस्त झाला आणि अ‍ॅप लातूर-नांदेडच्या मैदानांवर सकाळी फिरणाऱ्यांच्या खिशात पोचली.

खरा वाद सुरू झाला तो या आकड्याला पैसे जोडले गेल्यावर. काही आरोग्य विम्यांत दहा हजार पावलांचा दिवस 'सक्रिय' धरतात आणि असे दिवस पुरेसे भरले तर हप्त्यात सवलत मिळते. पाऊल ७० सेंटिमीटरचं धरलं तर हे अंतर सात किलोमीटर होतं, म्हणजे मिनिटाला १०० पावलांनी १०० मिनिटं. ४२ अंशांच्या मे महिन्यात, रमजानच्या रोज्यांच्या दिवसांत किंवा नवरात्राच्या उपवासात ते रोज जमवणं अवघड आहे, आणि एक दिवस चुकला की मालिका शून्यावर येते. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी येणारा भाविक ४५ किलोमीटर, म्हणजे साधारण ६४ हजार पावलं चालतो. त्याच्या खात्यावर तरी एकच दिवस जमा होतो. हे मोजमाप न्याय्य नाही.

२०१९मध्ये अमेरिकेतल्या, सरासरी ७२ वर्षांच्या स्त्रियांचा अभ्यास आला. रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं आणि साधारण ७,५००च्या पुढे फायदा वाढत नव्हता. त्याआधीच, २०१८मध्ये, एका मोठ्या अ‍ॅपने पावलांऐवजी मिनिटांना गुण दिले: भरभर चालण्याच्या मिनिटाला एक, धावण्याच्या मिनिटाला दोन, आणि लक्ष्य आठवड्याला १५० गुणांचं. हा निर्णय योग्य दिशेचा होता, पण क्रमवारी आणि सवलती बऱ्याच ठिकाणी पावलांवरच राहिल्या.

शिवारात हे मोजमाप आणखी फसतं. सेन्सर चालण्याच्या लयीतले धक्के ओळखतो, म्हणून सलग काही पावलं पडल्याशिवाय बरीच अ‍ॅप मोजणीच सुरू करत नाहीत. बसून खुरपणाऱ्या, कापूस वेचताना दोन पावलं टाकून थांबणाऱ्या बाईचं काम त्यात येत नाही. तिचा फोन बहुतेक वेळा बांधावरच्या पिशवीत असतो. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढणं आणि सपाटीवर रमतगमत चालणं, दोन्हीची पावलं सारखीच. उलट खड्ड्यांच्या रस्त्यावर मोटारसायकलवरच्या खिशात फुकटची पावलं जमतात आणि बाळाच्या झोळीत फोन ठेवून क्रमवारी जिंकता येते.

आकडा अचानक निम्म्यावर आला तर आधी परवानगी बघावी: अँड्रॉइड १०पासून शारीरिक हालचालीची परवानगी वेगळी द्यावी लागते. मग बॅटरी बचतीच्या यादीतून अ‍ॅप वगळावं, कारण पावलांचा वेगळा सेन्सर नसलेल्या स्वस्त फोनमध्ये स्क्रीन बंद झाली की मोजणीही थांबू शकते. फोन सैल पिशवीत नको, पँटच्या खिशात किंवा कमरेला घट्ट हवा. लक्ष्य ठरवताना सात दिवस काहीही न बदलता पावलं मोजावीत, सरासरी काढावी आणि त्यावर हजार वाढवावीत. ते दोन आठवडे निभलं की पुढचे हजार. अ‍ॅपमध्ये सोय असेल तर रोजचं लक्ष्य काढून आठवड्याचं ठेवावं, म्हणजे पेरणीच्या किंवा उपवासाच्या दिवशी राहिलेलं चालणं इतर दिवशी भरून काढता येतं.