टेपला सापडते ती जीवा, व्यास शोधावा लागतो

खानापूरकडच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीला लोखंडी जाळी बसवायची होती. एका काठावर मी, समोर चुलतभाऊ, मध्ये टेप. माप आलं 15 फूट साडेदहा इंच. जाळी त्याच मापाची करून आणली, तर चौफेर पाऊण इंच फट. खाचेत टेकेचना! विहीर होती पुरती 16 फुटांची.

आम्ही व्यास समजून जीवा मोजली होती. वर्तुळावरचे कुठलेही दोन बिंदू जोडले की जीवा झाली. तीच केंद्रातून गेली तर व्यास, आणि म्हणूनच तो सगळ्यांत लांब. आमची टेप केंद्रापासून फूटभरच सरकली होती. पण विहिरीच्या केंद्रावर खूण करणार कोण, तिथं तर पाणी! शिवाय ही चूक नेहमी कमीकडेच जाते, जास्तीकडे कधीच नाही.

म्हणून एकानं टेपचं टोक दाबून धरावं, दुसऱ्यानं काठाकाठानं सरकत जावं. आकडा वाढत जातो आणि एका जागी उतरायला लागतो. त्यातला सर्वांत मोठा तो व्यास. नाहीतर आतल्या कडेनं दोरी फिरवून परीघ घ्यावा, 7 नं गुणून 22 नं भागावं. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (1150) 22/7 व्यवहारापुरतं म्हटलंय, सूक्ष्म हिशेबाला 3927/1250.

जीवा मात्र टाकाऊ नव्हे. गुऱ्हाळाच्या चरकाची पुली फुटली आणि हातात तुकडाच उरला, तर केंद्र कुठून आणायचं? तुकड्याच्या दोन टोकांमधली जीवा मोजा, समजा 48 सेंमी. तिच्या मध्यापासून कडेपर्यंतची उंची म्हणजे शर, तो 16. निम्म्या जीवेचा वर्ग 576, भागिले 16 म्हणजे 36, त्यात शर मिळवला की व्यास 52. हेही ‘लीलावती’तलंच. जीवा म्हणजे धनुष्याची दोरी, शर म्हणजे बाण. शेजारच्या कन्नड शाळेतली पोरं जीवेला ‘ज्या’ म्हणतात, व्यासाला मात्र व्यासच.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत टर्नरकडे नवी पुली करायला जाताना तुकडा जमेल तितका मोठा न्या. याच पुलीचा लहान तुकडा घेतला, जीवा 20, शर 2, तर शर मोजताना एक मिलिमीटर कमी धरला गेला तरी व्यास अडीच सेंटिमीटरनं फुगतो. मोठ्या तुकड्यात तेवढ्याच चुकीनं जेमतेम सव्वा मिलिमीटरचा फरक पडतो.