रस्त्याकडेची पिशवी

इराकमध्ये लष्करी ट्रक चालवणाऱ्या सैनिकांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती: रस्त्याकडेच्या कचऱ्यापासून लांब राहा, त्यात बॉम्ब असू शकतो. अशी एखादी चालक अमेरिकेत घरी परतते. मागच्या सीटवर मूल असतं आणि हायवेवर एक रिकामी पिशवी दिसताच ती गाडी झटकन दुसऱ्या लेनमध्ये घालते. धोका नाही हे तिला कळतं, तिच्या हातांना कळत नाही.

याला कारण मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग. धोक्याची घंटा तो वाजवतो, आणि कपाळामागचा भाग ती शांत करतो. पीटीएसडीत, म्हणजे जिवावरच्या प्रसंगानंतर मनाला जडणाऱ्या आजारात, घंटा वाजत राहते, शांत करणारा कमी पडतो. झोप उडते, दचकायला होतं, माणसं नकोशी होतात.

अमेरिकी लष्करात महिलांना जमिनीवरच्या थेट लढाऊ तुकड्यांत नेमायला जानेवारी २०१३ पर्यंत मनाई होती. कागदावर! इराकमध्ये आघाडीची अशी रेषाच नव्हती. ट्रकही उडत, तळांवरही तोफगोळे पडत. तरीही घरी आल्यावर 'तू कुठे लढलीस?' हे ऐकावं लागतंच.

काहींचा धोका तर तळाच्या आतच होता. माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत विचारणा होते तेव्हा साधारण तीनपैकी एक महिला सेवेतल्या लैंगिक अत्याचाराबद्दल किंवा छळाबद्दल सांगते. पुरुषांतही हे घडतं, पण सांगणारे पन्नासात एक. ज्यांच्या भरवशावर झोपायचं त्यांच्यापैकीच कुणी हल्ला केला, तर बाकीच्या सोबत्यांचा आधारही हातचा जातो. शत्रूच्या गोळीने सहसा असं होत नाही.

उपचार आहेत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २८४ महिला होत्या, बहुतेक माजी सैनिक. निम्म्यांना दीड-दीड तासाची दहा सत्रं मिळाली. त्यात डोळे मिटून तो प्रसंग पुन्हा पुन्हा, आत्ता घडतोय असा सांगायचा आणि टाळलेल्या जागी मुद्दाम जायचं. उरलेल्यांशी फक्त सध्याच्या अडचणींवर बोलणं झालं. उपचारांनंतर पहिल्या गटातल्या ४१ टक्के महिला पीटीएसडीच्या निकषांबाहेर आल्या, दुसऱ्यातल्या सुमारे २८ टक्के. पण उपचार अर्ध्यावर सोडणाऱ्याही पहिल्या गटातच जास्त होत्या. नवल नाही, जे विसरायला धडपडायचं, तेच दर आठवड्याला मोठ्याने सांगायचं होतं, आणि घरी जाऊन त्याचं रेकॉर्डिंग ऐकायचं होतं.