व्हीएमवेअरनंतर काय? छोट्या सर्व्हर रूमपुढच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

दोन-तीन सर्व्हर, सगळ्यांना मिळून एक स्टोरेज, त्यावर डोमेन कंट्रोलर (वापरकर्त्यांचे लॉगिन सांभाळणारा सर्व्हर), टॅली, फाइल सर्व्हर आणि हजेरीचा एखादा जुना डेटाबेस. लहान कारखान्यात किंवा रुग्णालयात सर्व्हर रूम म्हणतात ती साधारण एवढीच असते. अशा ठिकाणी व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर (व्हर्च्युअल मशीन) चालवणे, म्हटले की व्हीएमवेअर कंपनीचे सॉफ्टवेअर, हे कित्येक वर्षे ठरलेलेच होते. २२ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रॉडकॉम या अमेरिकी कंपनीने सुमारे ६९ अब्ज डॉलरचा व्यवहार पूर्ण करून ही कंपनी ताब्यात घेतली आणि तीन आठवड्यांच्या आत कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबवली. सर्व्हरवर थेट बसून व्हर्च्युअल मशीन चालवणारे व्हीएमवेअरचे सॉफ्टवेअर म्हणजे ईएसएक्सआय; फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची मोफत आवृत्तीही बंद झाली. तेव्हापासून नूतनीकरणाची तारीख जवळ आली की पर्यायांची शोधाशोध सुरू होते आणि बहुतेक वेळा सुरुवात फीचरच्या तक्त्यांपासून होते. प्रत्येक पर्याय कुठून आला आणि आज तो कोणाच्या हातात आहे, हे आधी पाहावे असे माझे ठाम मत आहे.

एका यंत्रात अनेक यंत्रे चालवण्याची कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९६० च्या दशकात ती मेनफ्रेमवर उतरवली आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० हे उत्पादन बाजारात आणले. साध्या पीसी-सर्व्हरमधल्या एक्स८६ प्रोसेसरवर मात्र ती सरळ बसत नव्हती. हायपरव्हायझरला, म्हणजे ही आतली यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, काम करायचे तर पाहुण्या (आतल्या यंत्रातल्या) ऑपरेटिंग सिस्टमने एखादी नाजूक सूचना दिली की प्रोसेसरने तिथेच थांबून हायपरव्हायझरला हाक मारली पाहिजे. एक्स८६ मधल्या काही सूचना अशी हाक मारतच नसत. पॉपएफ ही सूचना घ्या. पुरेसे अधिकार नसताना या सूचनेने इंटरप्ट (प्रोसेसरचे काम मध्येच थांबवणारे संकेत) बंद करायला सांगितले, तर प्रोसेसर ते म्हणणे मुकाट्याने दुर्लक्षून पुढे जाई. पाहुण्या सिस्टमला वाटे काम झाले, आणि हायपरव्हायझरला काही कळलेलेच नसे.

१९९८ मध्ये डायन ग्रीन, मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीएमवेअर स्थापन केली ती या अडचणीवर तोड काढून. अशा सूचना चालता चालता ओळखायच्या आणि त्यांच्या जागी सुरक्षित सूचना घालायच्या, ही त्यांची युक्ती. २००१ मध्ये ईएसएक्स सर्व्हर आला. चालू व्हर्च्युअल मशीन बंद न करता एका होस्टवरून (प्रत्यक्ष सर्व्हरवरून) दुसऱ्यावर नेणारे व्हीमोशन २००३ मध्ये आले. ज्याने पहिल्यांदा ते पाहिले, तो दुसऱ्या कशाकडे वळला नाही. त्याच सुमारास केंब्रिज विद्यापीठात झेन हा दुसरा हायपरव्हायझर तयार होत होता. तिथल्या मंडळींनी पाहुण्या सिस्टममध्येच बदल करून हा तिढा सोडवला.

माझ्या मते या इतिहासातला सर्वात मोठा बदल प्रोसेसरमध्ये झाला. नोव्हेंबर २००५ मध्ये इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने व्हर्च्युअलायझेशनची सोय थेट चिपमध्ये दिली. त्यामुळे हायपरव्हायझर लिहिणे मूठभर लोकांची मिरासदारी राहिली नाही. इस्रायलमधल्या क्युमरानेट कंपनीत अवी किव्हिटी यांनी लिहिलेले केव्हीएम हे व्हर्च्युअलायझेशनचे सॉफ्टवेअर फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) २.६.२० आवृत्तीचाच भाग झाले. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही आले. त्याच वर्षी व्हिएन्नातल्या एका छोट्या कंपनीने डेबियन या लिनक्सवर केव्हीएम बसवून, वर वेब इंटरफेस देऊन प्रॉक्समॉक्स व्हीई काढले. म्हणजे तांत्रिक मक्तेदारी तेव्हाच संपली होती. तरी व्हीएमवेअर पुढे पंधरा वर्षे टिकले, कारण बॅकअपची सॉफ्टवेअरे, स्टोरेजवाले आणि प्रशिक्षित माणसे सगळी त्याच्याभोवती जमली होती. शिवाय तीन होस्टपुरते मर्यादित असलेले एसेन्शियल्सचे पॅकेज लहान ग्राहकाला परवडत होते.

ते पॅकेज आता गेले आहे. आताचा हिशेब प्रति कोर (प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) आहे आणि प्रत्येक प्रोसेसरला किमान १६ कोरचे पैसे मोजावे लागतात. समजा तीन होस्ट आहेत आणि प्रत्येकात आठ कोरचे दोन प्रोसेसर. प्रत्यक्ष कोर ४८, बिल ९६ कोरचे. छोट्या जागेला हा नियम सर्वात जास्त लागतो, कारण कमी कोरचे प्रोसेसर तिथेच असतात. २०२५ मध्ये ७२ कोरच्या किमान खरेदीची अट युरोपात एका वितरकामार्फत कळवली गेली आणि ओरड झाल्यावर मागे घेतली गेली. एप्रिल २०२५ मध्ये मोफत ईएसएक्सआय परतही आले. पण जे एका निर्णयाने जाते आणि दुसऱ्याने येते, त्यावर पाच वर्षांचे नियोजन कसे करायचे?

असा झटका काही पहिल्यांदाच बसलेला नाही. २०११ मध्ये व्हीएमवेअरने स्वतःच मेमरीच्या हिशेबाने लायसन्स लावले होते. वर्षभरात ते मागे घ्यावे लागले. झेनची कथा याहून बोलकी आहे. झेनवर उभी राहिलेली कंपनी २००७ मध्ये सिट्रिक्सने ५० कोटी डॉलरना घेतली, २०१३ मध्ये तिचे उत्पादन झेनसर्व्हर मुक्त स्रोत झाले आणि डिसेंबर २०१७ मधल्या ७.३ आवृत्तीत मोफत वापरणाऱ्यांकडून हाय अव्हेलेबिलिटीसारख्या (एक होस्ट बंद पडला तर त्यावरची मशीन दुसऱ्यावर आपोआप सुरू करणाऱ्या) सोयी काढून घेण्यात आल्या. त्याच रागातून २०१८ मध्ये फ्रान्समधल्या ओलिव्हिए लाँबेर यांनी लोकवर्गणीवर झेनसर्व्हरवर आधारलेले एक्ससीपी-एनजी उभे केले. म्हणजे आजचा हा पर्याय कालच्या अशाच कोंडीतून जन्मलेला आहे. मायक्रोसॉफ्टनेही मोफत हायपर-व्ही सर्व्हर २०१९ च्या आवृत्तीवर थांबवला, आणि रेड हॅटने केव्हीएमवरचे आपले स्वतंत्र व्हर्च्युअलायझेशन उत्पादन गुंडाळायला घेतले. केव्हीएम मात्र जिथल्या तिथे राहिले, कारण ते कर्नलमध्ये आहे आणि कर्नल कोणा एका कंपनीचा नाही.

म्हणूनच तीन सर्व्हरच्या जागेसाठी मी आधी प्रॉक्समॉक्सकडे पाहतो. सगळीच व्हर्च्युअल मशीन विंडोजची असतील आणि विंडोज सर्व्हरची लायसन्स घेतलेलीच असतील, तर हायपर-व्हीसाठी वेगळा खर्च पडत नाही आणि तो सरळ मार्ग आहे. प्रॉक्समॉक्सच्या अडचणीही माहीत हव्यात. क्लस्टरला, म्हणजे एकत्र जोडलेल्या होस्टच्या गटाला, बहुमत लागते, त्यामुळे दोनच होस्ट असतील तर तिसऱ्या मतासाठी बाहेर एखादे छोटे यंत्र ठेवावे लागते. व्हीएमवेअरच्या जमान्यात घेतलेले आयस्कझी (नेटवर्कवरून जोडलेले) स्टोरेज तसेच वापरायचे, तर सामायिक एलव्हीएमवर (लिनक्सच्या डिस्क-विभागणीवर) स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती, मिळत नसत. ऑगस्ट २०२५ च्या ९.० आवृत्तीत ती सोय आली, तीही चाचणी स्वरूपात. ईएसएक्सआयवरून थेट मशीन ओढून घेणारी सोय मार्च २०२४ पासून आहे. पण विंडोज मशीनमध्ये व्हर्टआयओचा (केव्हीएमच्या आभासी डिस्कसाठीचा) ड्रायव्हर आधी बसवला नाही आणि डिस्क त्या प्रकारावर लावली, तर बूट होतानाच निळा पडदा येतो. त्यावर उपाय असा: मशीन पहिल्यांदा साटा डिस्कवर उठवायचे, ड्रायव्हर टाकायचा आणि मग डिस्कचा प्रकार बदलायचा.

बॅकअपची भीतीही आता कमी झाली आहे. बॅकअप सॉफ्टवेअर बनवणाऱ्या वीमने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रॉक्समॉक्सला आधार दिला आणि प्रॉक्समॉक्सचा स्वतःचा बॅकअप सर्व्हर २०२० पासून आहे. ईएसएक्सआय ज्या संचाचा भाग आहे त्या व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर ७ चा सर्वसाधारण सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ८ चा ऑक्टोबर २०२७ पर्यंत आहे. ज्यांची सर्व्हरखरेदी त्याआधी होणार आहे, त्यांनी नव्या यंत्रांवर आधी कमी महत्त्वाची दोन मशीन हलवावीत, त्यांचा बॅकअप परत उभा करून पाहावा आणि टॅलीला शेवटी हात लावावा.