काटा अडला म्हणून पोळी कमी करू नका
(आमच्या डब्याच्या ग्राहकांसाठी)

"ताई, उद्यापासून एक पोळी कमीच पाठवा." डबा सुरू होऊन दोन-अडीच महिने झाले की असा फोन हमखास येतो. पहिल्या महिन्यात वजन भराभर उतरलेलं असतं. मग काटा एका आकड्यावर जो बसतो तो हलायचं नाव घेत नाही. सकाळी नेहरू पार्कच्या फेऱ्या चालू, व्यायाम चालू, डबा चालू, आणि काटा आपला ७६ वर. मन किती खट्टू होतं ते आम्ही रोज ऐकतो. तरीही पोळी आम्ही लगेच कमी करत नाही.

सुरुवातीला उतरलेलं सगळं वजन चरबीचं नसतं. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, असतो आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं कमी झालं की आधी हा साठा उतरतो, म्हणून काटा पळतो. पुढे शरीर हलकं झालं की त्याला लागणारी कॅलरीही कमी होते. शिवाय कमी मिळतंय म्हटल्यावर शरीर काटकसर करतं, आपली उठबसही नकळत कमी होते. यात तुमची काही चूक नाही. व्यायाम वाया गेला असंही नाही.

पोळीला हात लावण्याआधी शेवेची बरणी बघा. इंदूरच्या आपल्या घरांत ती टेबलावर असतेच. पोह्यांवर तर असतेच, पण आमटीवर, उसळीवर, वरणभातावरही कधी पडते ते कळत नाही. सुदामा नगरच्या एका काकूंना आम्ही एवढंच सांगितलं, की शेव सोडू नका, दिवसभराची सकाळीच एका वाटीत काढून ठेवा आणि त्यातूनच घ्या. रोजच्या अंदाजाने त्यांनी वाटी भरली आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, तर ४० ग्रॅम! म्हणजे दोनशेच्या वर कॅलरी, आमच्या दोन पोळ्यांइतकी. आणि काकू पोळी कमी करायला निघाल्या होत्या. आता त्या अर्धीच वाटी काढतात. चहातल्या साखरेचाही असाच हिशेब एकदा करून पाहा.

वजन रोज करू नका. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी करा. रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत जाऊन आलात आणि सकाळी काटा किलोभर वर दिसला, तर ते मुख्यतः मीठ, पाणी आणि पोटातलं अन्न. किलोभर चरबी चढायला सात हजारांच्या वर कॅलरी जादा लागतात, त्या एका रात्रीत होत नाहीत. पाळीच्या आधीच्या दिवसांतही बायकांचं वजन असंच वर दिसतं.

काट्यापेक्षा टेपवर भरवसा ठेवा. पंधरा दिवसांतून एकदा, पोट आत न ओढता, बेंबीच्या रेषेत कमर मोजा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. आपल्याकडे पुरुषांची कमर ९० आणि बायकांची ८० सेंटीमीटरच्या आत असावी असं डॉक्टर सांगतात. वजन तिथेच आणि कमर दोन सेंटीमीटर कमी, असं पुष्कळदा होतं, विशेषतः दंड-बैठका किंवा डंबेल्स सुरू केले असतील तर. आणि ८० किलोंचे ७६ होऊन तिथेच टिकणं ही छोटी गोष्ट नाही. एवढ्या फरकानेही रक्तदाब आणि साखर सुधारू शकते.

आमच्याकडून आम्ही पोळी न काढता मुगाची उसळ, पनीर किंवा ताक वाढवतो, खाणाऱ्यांना अंडं देतो, म्हणजे प्रथिनं वाढून भूक भागते आणि स्नायू टिकायला मदत होते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा बदल डॉक्टरांना विचारूनच. चार आठवडे काटा आणि टेप दोन्ही हलले नाहीत, तर कॅलेंडरचा फोटो पाठवा, मग भात किंवा तेल थोडं उतरवू. थायरॉइड, पीसीओएस (बायकांमधला हार्मोन्सचा त्रास), स्टेरॉइड, इन्सुलिन किंवा नैराश्यावरची काही औषधं यांमुळेही वजन अडतं. तेव्हा डॉक्टरांना जरूर दाखवा, पण औषध मनाने बंद करू नका.

टेप घरात नसेल, तर रिकाम्या डब्यात चिठ्ठी टाका. दुसऱ्या दिवशीच्या डब्याबरोबर पाठवू, त्याचे पैसे नाहीत.