पेट्रोलचा हिशेब उलटा मांडा

घरात दोन गाड्या आहेत. जुनी एसयूव्ही लिटरला १० किलोमीटर देते, छोटी हॅचबॅक २०. दोन्ही महिन्याला हजार किलोमीटर धावतात. बदलायची मात्र एकच. एसयूव्हीच्या जागी १२ देणारी घ्यावी, की हॅचबॅकच्या जागी २५ देणारी? बहुतेकांना दुसरा सौदा फायद्याचा वाटतो. तिथे पाचाची वाढ, इथे जेमतेम दोनाची. आता लिटर मोजा. एसयूव्हीला १०० लिटर लागत होते, ते सुमारे ८३ वर आले, म्हणजे १७ लिटर वाचले. हॅचबॅकचे ५० चे ४० झाले, वाचले फक्त १०.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हीच चूक प्रयोगांतून दाखवून दिली. गॅलनमागे किती मैल हा आकडा दिला की लोक नुसती वजाबाकी करून फसतात. तीच माहिती ठरावीक अंतराला किती गॅलन अशी दिली की बहुतेकांचं उत्तर बरोबर येतं. युरोपातल्या बहुतेक देशांत खप १०० किलोमीटरला किती लिटर असाच सांगतात. आपल्याकडेही तोच आकडा आधी विचारायला हवा, कारण खिशातून जातात ते लिटरचे पैसे. हिशेब सोपा आहे: १०० ला ॲव्हरेजने भागा. १२ ची गाडी ८.३ लिटर पिते, १५ ची ६.७, २० ची ५.

सरासरी काढतानाही हाच घोटाळा होतो. घाट चढताना १०० किलोमीटर १० च्या ॲव्हरेजने गेले आणि परतीचे तेवढेच २० ने, तर एकूण सरासरी १५ नाही. लागले १० अधिक ५ लिटर, अंतर २००, म्हणजे ॲव्हरेज १३.३.

स्वतःच्या गाडीचा खरा खप टाकी-ते-टाकी मोजावा. पंपावर नॉझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबा आणि ट्रिप मीटर शून्यावर आणा. टाकी पाऊण रिकामी होईपर्यंत नेहमीसारखी गाडी चालवा. मग शक्यतो त्याच पंपावर, त्याच मशिनवर, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. भरलेले लिटर गुणिले १००, भागिले किलोमीटर. दहा लिटरवरच मोजलं तर भरण्यातल्या अर्ध्या लिटरच्या फरकाने उत्तर ५ टक्के चुकतं. तीस लिटरवर तीच चूक २ टक्क्यांच्या आत येते. पैसे राउंड करायला कटनंतर थोडं आणखी भरून घेण्याची सवय मोडा. त्याने मोजमाप बिघडतंच, शिवाय पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये शिरून तो निकामी होऊ शकतो.

कंपनीच्या आकड्याशी हा आकडा जुळणार नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेतल्या चाचणीत गाडी रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगक्रमाने चालते. ट्रॅफिक, खड्डे, कमी हवेचे टायर तिथे नसतात.

घाट उतरताना न्यूट्रल करणाऱ्यांसाठी एक गोष्ट: फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल बंद करतो, इंजिन चाकांच्या गतीने फिरत राहतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं, आणि इंजिन ब्रेकिंग गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात.