पालवीवर विसंबू नका

पावसाळा लागला की गुलाबाच्या, जास्वंदीच्या काड्या कुंडीत खोचायचा उद्योग घरोघरी सुरू होतो. थोड्याच दिवसांत डोळे फुगतात, तांबूस पालवी डोकावते आणि सगळे खूश होतात. मग एक दिवस पालवी मान टाकते, काडी काळी पडते आणि ‘आमच्या हाताला गुणच नाही’ म्हणून विषय मिटतो. हाताचा इथे काडीचाही संबंध नाही. ती पालवी फुटली होती काडीत आधीच साठलेल्या स्टार्चवर आणि उरल्यासुरल्या पाण्यावर. गुलाबाला मुळं धरायला साधारण तीन-चार आठवडे लागतात. तोवर कोवळी पानं पाणी उडवत राहतात आणि खालून भरपाई शून्य. काडी मरते ती बहुधा या तहानेनेच.

बी रुजतं तेव्हा पहिलं मूळ गर्भातच तयार असतं. खोडातून किंवा पानातून फुटणारी मुळं वेगळी. त्यांना आगंतुक मुळं म्हणतात. वडाच्या पारंब्या ही त्यांचीच एक तऱ्हा. गुलाबाच्या काडीत मात्र असं मूळ आधी कुठेच नसतं, ते नव्याने घडवावं लागतं. काप बसल्यावर काही तासांतच जखमेचे रासायनिक संदेश सुटतात. मग जलवाहिन्या आणि रसवाहिन्यांच्या आसपासच्या काही पेशी आपलं ठरलेलं काम सोडून पुन्हा विभागू लागतात. त्यांचा इवलासा पुंजका होतो, पुंजक्याला मुळाचं टोक येतं आणि ते साल फोडून बाहेर पडतं. कापलेल्या टोकाशी पांढुरकी गाठ दिसली की मुळं आलीच असं बरेच जण धरून चालतात. ती गाठ जखम भरल्याची खूण आहे. बऱ्याच झाडांत मुळं तिच्यातून न येता तिच्या वरच्या सालीतून येतात.

मुळं खालच्याच टोकाला का येतात? गुरुत्वाकर्षणामुळे, असं पटकन वाटतं. हेर्मान फ्योख्टिंग या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1878 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विलो नावाच्या झाडाच्या फांद्यांचे तुकडे दमट हवेत उलटे टांगले होते. मुळं आली ती फांदी झाडावर असताना जे टोक बुंध्याकडे होतं, त्याच टोकाला, म्हणजे आता वर! यामागे आहे ऑक्सिन हे संप्रेरक. ते शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होतं आणि पेशीपेशीतून एकाच दिशेने, बुंध्याकडे सरकतं. कापापाशी पुढची वाटच खुंटते आणि बांधाला पाणी तुंबावं तसं ते तिथे साचतं आणि तिथेच मुळं फोडतं. म्हणूनच काडी खोचताना वरची बाजू कुठली, हे विसरायचं नाही. वरचा काप आडवा आणि खालचा तिरका घेण्याची माळ्यांची पद्धत त्यासाठीही सोयीची.

ऑक्सिनचं अस्तित्व डच वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी 1928 मध्ये ओटच्या कोंबांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. पुढे 1935 मध्ये अमेरिकेत झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी इंडोल ब्युटिरिक अ‍ॅसिड, म्हणजे आयबीए, हे ऑक्सिनच्याच गटातलं रसायन मुळं फोडण्यात फार प्रभावी असल्याचं दाखवलं. काडीला मुळं फुटावीत म्हणून लावायच्या रूटिंग पावडरच्या डबीत आजही बहुतेक वेळा हेच असतं. झाडातलं नैसर्गिक ऑक्सिन लवकर विघटित होतं, आयबीए जास्त टिकतं. पण इथे ‘जितकं जास्त तितकं बरं’ चालत नाही. मूळ सुरू व्हायला ऑक्सिन भरपूर लागतं, नंतर तेच ऑक्सिन त्या मुळाची लांबी वाढू देत नाही. टोक पावडरीला टेकवून झटकायचं, थापायचं नाही.

उसाला या कशाचीच गरज पडत नाही. टिपरी, म्हणजे लावणीसाठी तोडलेला उसाचा तुकडा, हातात घेऊन पेराजवळ नीट पाहा. कोंब फुटतो त्या डोळ्याच्या पातळीवर, कांड्याभोवती बारीक ठिपक्यांच्या ओळींचा पट्टा दिसेल. हे ठिपके म्हणजे झोपलेली मुळंच. टिपरी ओल्या सरीत पडली की ती जागी होतात आणि कोंबाला पहिलं पाणी पाजतात. ही मुळं बारीक आणि तात्पुरती. कोंबाच्या बुडातून त्याची स्वतःची जाड मुळं निघाली की टिपरीची मुळं मरून जातात.

डाळिंबाची गुटी तर मला काडीपेक्षाही हुशार युक्ती वाटते. फांदी झाडापासून तोडायचीच नाही. बोटभर रुंदीची साल गोल काढायची, त्यावर ओलं मॉस बांधून वर प्लास्टिक गुंडाळायचं. सालीबरोबर रसवाहिन्या जातात, त्यामुळे पानांतून येणारी साखर आणि ऑक्सिन त्या कड्याच्या वरच्या काठाशी अडतात. आतल्या लाकडातल्या जलवाहिन्या शाबूत असल्याने पाणी मात्र वर चढतच राहतं. मुळं येईपर्यंत फांदी आईच्याच पाण्यावर जगते, तहानेचा प्रश्नच मिटतो. मात्र फांदीबरोबर आईचा रोगही येतो. तेल्या या डाळिंबावरच्या जिवाणूजन्य रोगाने ग्रासलेल्या बागेतली गुटी म्हणजे तेल्या आपल्या हाताने नव्या बागेत नेणं.

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदारांना काडीचा हट्टीपणा वेगळाच परिचयाचा आहे. क्षारपड जमीन आणि पाण्याचा ताण सोसणारा खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम बांधायचं ती द्राक्षवेल, म्हणून डॉगरिज लावतात. पण थॉम्पसन या खाण्याच्या द्राक्षाची काडी सहज रुजते, डॉगरिजची रुजायला कुरकुर करते. त्यामुळे आयबीएच्या द्रावणात बुडवणं तिथे चैन राहत नाही. आंबा तर त्याहून हट्टी. जुन्या झाडाची काडी जवळपास रुजतच नाही, म्हणून हापूस काडीवर न वाढवता कोयीच्या रोपावर कलम करतात. झाडाचं वय इथे फार महत्त्वाचं: त्याच जातीच्या कोवळ्या रोपाची काडी जिथे मुळं धरते, तिथे फळाला आलेल्या झाडाची काडी अडून बसते.

फांदी झाडावर कुठे होती, हेही काही झाडं विसरत नाहीत. कोकणात पोफळीवर चढणाऱ्या मिरीच्या बुडातून जमिनीवर सरपटणारे फुटवे निघतात. त्यांची काडी लावली तर पुन्हा चढणारी वेल मिळते. घोस धरणाऱ्या आडव्या फांदीची काडी लावली तर ती चढत नाही. तिचं झुडूप होतं आणि ते कुंडीतही मिरी देतं. बाल्कनीत मिरी हवी असेल तर रोपवाटिकेत अशा फांदीचंच रोप मागा. या फांद्या रुजायला अवघड असतात, त्यामुळे रोप थोडं महाग पडलं तर तक्रार करू नका.