सर्वपक्षीय कृती समिती

वेगवेगळ्या पक्षांतल्या, संघटनांतल्या किंवा गटांतल्या लोकांनी एखादा बदल घडवून आणण्यासाठी, किंवा अडवण्यासाठी, आपापले झेंडे न सोडता ठरावीक मागणीपुरती बांधलेली मोट. निवडणुकीतील आघाडी जागावाटपापासून सुरू होते, आणि बहुधा तिथेच मोडते. कृती समितीकडे सुरुवातीला वाटण्यासारखे काही नसते, म्हणून तिच्यात शिरणे सोपे जाते. ठाणे जिल्हा आणि नवी मुंबई परिसरात भूसंपादन, गावांचा महापालिकेत समावेश, प्रकल्पांचे नामकरण अशा जवळजवळ प्रत्येक मोठ्या प्रश्नावर अशी समिती उभी राहिलेली दिसते. ‘पक्षाचे जोडे बाहेर काढून या’ हे तिच्या बैठकीचे ठरलेले निमंत्रण.

अभ्यासकांनी या विषयाकडे दोन बाजूंनी पाहिले आहे. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ विल्यम रायकर यांनी 1962 मध्ये मांडले की शहाणा राजकारणी जिंकण्यापुरतेच भिडू गोळा करतो, कारण प्रत्येक जादा भिडू म्हणजे वाट्यात एक जादा भागीदार. व्यवस्थापनशास्त्रात जॉन कॉटर यांनी 1990च्या दशकात संस्थांतील बदलाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांतली दुसरी पायरी म्हणजे बदलाला दिशा देणारा गट जमवणे. त्यात अधिकार असलेले, विषयातले जाणकार आणि ज्यांच्या शब्दाला वजन आहे असे लोक एकत्र हवेत. एकट्या साहेबाने परिपत्रक काढून भागत नाही. नवी मुंबईचा अनुभव या दोघांनाही तपासून पाहायला चांगला आहे. मागणी वाटून घेण्याजोगी नसेल तेव्हा इथली मोट कितीही मोठी झाली तरी टिकते. भूखंडासारखी वाटणी समोर आली की रायकर खरे ठरू लागतात.

या पद्धतीचे महाराष्ट्रातले मोठे उदाहरण म्हणजे 6 फेब्रुवारी 1956 रोजी पुण्यात स्थापन झालेली संयुक्त महाराष्ट्र समिती. शेतकरी कामगार पक्ष (शेकाप), प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन असे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष तिच्यात एकत्र आले. मुंबईसह मराठी राज्य ही एकच मागणी त्यांना बांधून होती. 1 मे 1960 रोजी ती मान्य झाली आणि समितीची पांगापांग झाली. त्याच काळात, 1957 मध्ये, शेकापचे दि. बा. पाटील (1926–2013) पनवेलमधून विधानसभेवर निवडून गेले. पुढे नवी मुंबईच्या प्रकल्पग्रस्तांचे नेतृत्व त्यांच्याकडे आले.

17 मार्च 1970 रोजी नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. इथले आगरी, कोळी, कराडी शेतकरी भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगत होते. मोबदल्याच्या दरावरून खदखद वाढत गेली. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी उरण तालुक्यात आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच जण हुतात्मा झाले. मात्र या आंदोलनाचा पाया पक्षाच्या शाखांपेक्षा जुना होता. गावकीने ठरवले की घरटी माणूस निघायचा, आणि शेजारच्या गावात सोयरीक असली की निरोप वेगळा द्यावा लागत नसे. बाहेरून पाहणाऱ्याला ही पक्षांची एकजूट वाटते. आतून ती नात्यागोत्यांची असते, पक्ष त्यावर नंतर बसतात.

या लढ्यातून साडेबारा टक्के योजना आली. संपादित जमिनीच्या 12.5 टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत द्यायचा, असे तिचे सूत्र. हिशेब मांडला की गंमत कळते. एक एकर म्हणजे 40 गुंठे, त्याचे साडेबारा टक्के म्हणजे 5 गुंठे. त्यातून सार्वजनिक सोयीसुविधांसाठी 30 टक्के वजा झाले की उरतात साडेतीन गुंठे, म्हणजे कागदावर साडेबारा आणि हातात पावणेनऊ टक्के. त्या साडेतीन गुंठ्यांवर भाऊ, बहिणी, काकांची मुले यांची नावे. वारस दाखला, संमतीपत्र, मग बिल्डरशी करार. मागणी मान्य होईपर्यंत एका ओळीत चालणारी माणसे इथे तलाठी कार्यालयात आणि कोर्टात समोरासमोर उभी राहिली. समितीला हे सोडवता आले नाही, आणि खरे तर तिच्याकडून ती अपेक्षा करणेही चूक होते. गावठाणांभोवती उभ्या राहिलेल्या ‘गरजेपोटी’च्या, म्हणजे कुटुंब वाढले म्हणून परवानगीविना बांधलेल्या, घरांचा प्रश्न त्यामुळेच दशकानुदशके निवेदनांत फिरत राहिला.

विमानतळाच्या नावाचे आंदोलन याच्या अगदी उलट. नावाचे गुंठे पडत नाहीत. 2021 मध्ये सिडकोने नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा दि. बा. पाटील यांच्या नावासाठी सर्वपक्षीय कृती समितीने 10 जून रोजी मानवी साखळी केली. पाटील यांच्या स्मृतिदिनी, 24 जूनला, बेलापूरमधील सिडको भवनाला घेराव घालण्यासाठी हजारोंनी लोक उतरले. भाजप, शेकाप, काँग्रेस, मनसे अशा पक्षांतले स्थानिक नेते एका व्यासपीठावर होते. शिवसेनेतल्या भूमिपुत्र कार्यकर्त्यांची पंचाईत झाली: पक्षप्रमुख मुख्यमंत्री, आणि गावात शेजारी मोर्चाला निघालेले. अशा आंदोलनात बॅनरवर कोणाचा फोटो आधी, कोणाचा नंतर, यावरून बैठका मोडू शकतात. इथे दिवंगत नेत्याचा एकच फोटो सगळ्यांना चालणारा होता.

29 जून 2022 रोजी उद्धव ठाकरे मंत्रिमंडळाने आपल्या अखेरच्या बैठकीत पाटील यांच्या नावाला मंजुरी दिली. सरकार बदलल्यावर 16 जुलै 2022 रोजी एकनाथ शिंदे सरकारने तोच निर्णय नव्याने घेतला. दोन विरोधी सरकारांना तीन आठवड्यांच्या आत एकाच मागणीला होकार द्यावा लागला, इतका या मोटेचा दाब होता. त्यामागे पुढच्या निवडणुकीचे गणित नव्हते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल.

राजकारणाबाहेर हीच पद्धत या शहरांत रोज वापरली जाते ती सोसायटीच्या पुनर्विकासात. वाशीतल्या जुन्या इमारती असोत की ठाण्याच्या नौपाड्यातल्या, बदल हवा असतो बहुतेकांना, पण प्रत्येकाचे कारण वेगळे. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना लिफ्ट हवी असते, तळमजल्यावरच्या दुकानदाराला रस्त्याकडचा गाळा सोडायचा नसतो, आणि परदेशी असलेल्या सभासदाची सही कुरिअरने येते. राज्य शासनाच्या 4 जुलै 2019च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेतील एकूण सभासदांपैकी किमान 51 टक्क्यांची संमती पुरते. पण जाणता सेक्रेटरी 51 वर थांबत नाही, कारण उरलेल्यांतला एक जण स्थगिती आणू शकतो. तो आधी दुकानदाराकडे चहाला जातो. सभेत हरकत घेणाऱ्यालाच उपसमितीवर घेतो, बिल्डरचे प्रस्ताव तपासायला देतो. भाडे, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारा एकरकमी निधी) आणि वाढीव चटईक्षेत्र यांचे आकडे मात्र सर्वांना एकाच वेळी, लेखी मिळावे लागतात; कोणा एकाशी बंद दाराआड वेगळे बोलणे झाल्याचे उघड झाले की जमवलेला विश्वास एका सभेत जातो.

वाशीच्या बाजार समितीतील हमालांच्या बाबतीत ही रचना कायद्यातच आहे. 1969च्या माथाडी कायद्याने नेमल्या जाणाऱ्या मंडळांत मालक, कामगार आणि शासन अशा तिघांचे प्रतिनिधी बसतात. भांडण तिथेही होते, पण मोट दर वेळी नव्याने बांधावी लागत नाही.

कृती समित्यांचे विसर्जन सहसा कोणी जाहीर करत नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेतील 27 गावे 1983 मध्ये पालिकेत आली, 2002 मध्ये वगळली गेली आणि 2015 मध्ये पुन्हा आत आली. 2020 मध्ये त्यातील 18 गावे वेगळी करण्याचा प्रयत्न उच्च न्यायालयात टिकला नाही. प्रत्येक फेऱ्यात तिथली संघर्ष समिती पुन्हा जागी झाली, आणि निवडणूक लागली की तिचेच पदाधिकारी वेगवेगळ्या पक्षांच्या तिकिटाच्या रांगेत दिसले.